पांगारखिंडीचा पहिला टेम्पो

वेगळं होण्याचा आदेश माझ्याच टेबलावरून गेला. भोरच्या पंचायत समितीत मी बत्तीस वर्षं काढली, शेवटची नऊ विस्तार अधिकारी म्हणून, आणि निवृत्तीआधीची माझी शेवटची फाईल होती तळसांगवे गट ग्रामपंचायतीच्या विभाजनाची. खाली तळसांगवे, वर डोंगराच्या खांद्यावर पांगारखिंड. हिर्डोशीच्या पुढं, वरंध घाटाच्या अंगाला. साठ वर्षं दोघांची ग्रामपंचायत एक, दूध सोसायटी एक, आणि दोन्हींच्या खुर्च्या खालच्या गावात. पांगारखिंडीनं सात ग्रामसभा, दोन मोर्चे आणि एक उपोषण करून स्वतःची ग्रामपंचायत मिळवली. एक एप्रिलपासून अंमल. आदेश पोचला त्या दिवशी वाडीत एवढा गुलाल उधळला की म्हशीसुद्धा गुलाबी झाल्या होत्या म्हणे. मी फाईल बांधली, निरोपाची शाल आणि नारळ घेतला आणि घरी आले. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता.

पंधरा दिवसांनी सकाळी दारात एक बाई उभी. साठीची, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट, पायात रबरी चपला.

"तुमीच का त्या शुभदाबाई? आमचं गाव मोडून दिल्याल्या?"

मला राग पटकन येतो. ऑफिसात त्याबद्दल माझी ख्याती होती. "मोडून नाही दिलं, वेगळं करून दिलं. आणि तुम्हीच मागितलं होतं."

"मागितलं वो. न्हाई कोन म्हनतं? पर एक तारखंला सकाळी पान्याची मोटार कोन चालू करनार? किल्ली तर खाली तळसांगव्यात आसती."

मी मनातल्या मनात फाईल पुन्हा चाळली. त्या फाईलमध्ये हद्दीचा नकाशा होता, लोकसंख्येचे दाखले होते, ठराव होते, हरकती आणि त्यांची उत्तरं होती. किल्लीबद्दल चकार शब्द नव्हता. बत्तीस वर्षांत आम्ही अर्ध्या तालुक्याची विभाजनं केली असतील, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं काय होतं हे बघायला आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं.

आतून आमच्या आनंदरावांचा पेपरमागून आवाज आला, "शुभदा, तुझी निवृत्ती संपली गं."

बाईंचं नाव धोंडाबाई. चहा पितापिता त्यांनी सगळं सांगितलं. तीस वर्षं त्या रोज पहाटे डोक्यावर दुधाची किटली घेऊन ओढ्यातल्या पायवाटेनं तळसांगव्याला उतरत होत्या. सोसायटीची खिडकी सातला बंद. पाच मिनिटं उशीर झाला की आतून उत्तर यायचं, "झालं आता, संध्याकाळी या." मग तीच किटली घेऊन वर चढायचं. पावसाळ्यात ओढा भरला की आठ-आठ दिवस दूध घरातच. शेवटच्या एकत्र ग्रामसभेत सोसायटीचे चेअरमन रखमाजीराव सगळ्यांसमोर म्हणाले होते, "जावा की खुशाल. पंधरा दिसांत किटल्या घिऊन ह्याच उंबऱ्यावर याल. तवा रांगंत समद्यांच्या मागं उभं ऱ्हायचं, आदीच सांगून ठिवतो." त्यावर धोंडाबाईंनी आपली सभासद पुस्तिका टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "रखमाजीराव, एक एप्रिलनंतर ह्या उंबऱ्यावर म्या परत दूद घिऊन आले, तर तुमच्या गोठ्यातलं शेन काढीन."

"आता बोलून तर बसले," मला म्हणाल्या, "पर मोर्चाला आल्याली मानसं गुलाल उधळून घरला गेली. पुडचं कुनाच्याच डोक्यात न्हाई. बाई, मला शेन काढायला लावू नका."

मी त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं वर गेले.

दोन महिने मी पांगारखिंडीत ठाण मांडलं म्हटलं तरी चालेल. मी एक मोठी वही केली आणि प्रत्येक पानाचे दोन भाग पाडले. डावीकडे 'आपलं', उजवीकडे 'त्यांचं'. वाडीत जी जी गोष्ट दिसेल ती या दोनांपैकी एका बाजूला गेली पाहिजे आणि तिचा एक तारखेचा बंदोबस्त झाला पाहिजे, असा नियम. पाण्याची मोटार आपली, पण विजेचं मीटर तळसांगव्याच्या नावावर. म्हणजे मीटर बदलून घ्या, आणि तोवर किल्लीची दुसरी जोड करून घ्या. गेनू नावाचा मोटार चालवणारा गडी वाडीतलाच होता, पण 'मला किल्लीला हात लावायचा हुकूम न्हाई' म्हणायचा. त्याला हुकूम मी दिला. जन्म-मृत्यूच्या नोंदींचे उतारे आणले. स्मशानाची शेड आपल्या हद्दीत येते की त्यांच्या, यावर तीन दिवस गेले आणि शेवटी शेड आपली पण लाकडं त्यांच्या हद्दीतली असं निघालं. रस्त्यावरचे दिवे, बालवाडीचा पोषण आहार, रेशन, शिक्का, नोटीस लावायचा फळा. फळा तर मी माझ्या घरचाच दिला, मुलं लहान असतानाचा माळ्यावर पडला होता. तेवीस कलमं झाली. त्या यादीवर तळसांगव्याचे सरपंच, नवा प्रशासक आणि तहसील कचेरी अशा तिघांच्या सह्या झाल्या आणि ती आदेशाला परिशिष्ट म्हणून जोडली गेली. मला फार अभिमान होता त्या परिशिष्टाचा. अजून आहे, पण आता त्यात थोडं हसूही मिसळलंय.

सगळ्यात अवघड कलम दुधाचं. वाडीची स्वतःची सोसायटी नोंदली, पंचेचाळीस सभासद झाले, काटा आणि फॅट काढायचं मशीन आणलं, बॅटरी आणली. पण दूध घेणार कोण? भोरच्या एका शीतकरण केंद्राचे व्यवस्थापक महत्प्रयासानं तयार झाले. अट मात्र कडक. पहिले सात दिवस रोज सकाळी पावणेआठच्या आत टेम्पो केंद्राच्या फाटकात हवा आणि त्यात दोनशे लिटर दूध हवंच. एक दिवस जरी चुकला तरी त्यांच्या मार्गातून पांगारखिंड रद्द. "एवढ्या आडबाजूच्या गावासाठी मी टाकीत जागा अडवून ठेवू शकत नाही, मॅडम," ते म्हणाले. म्हणजे एक सकाळ हुकली की वाडीला दूध ओतायला पुन्हा एकच दार, आणि त्या दारात रखमाजीराव.

हे ऐकल्यावर धोंडाबाई दोन दिवस घरोघरी दुधाचा अंदाज घेत फिरल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मग आदी करून बगू."

अशी आमची तालीम सुरू झाली. मार्चातल्या तीन रविवारी आम्ही वेगळे झालोच आहोत असं समजून वागायचं ठरलं. गेनूनं आपल्या किल्लीनं मोटार चालू करायची. शाळेच्या ओट्यावर काटा मांडायचा, पाच ते साडेसहात दूध घ्यायचं. हिर्डोशीच्या सोमनाथचा टेम्पो ठरवला होता, तो साडेसहाला भरून हलायचा, आणि एवढं करून ते दूध खालच्या सोसायटीतच न्यायचा, कारण अजून आम्ही एकत्र होतो. पहिल्या रविवारी सगळा गोंधळ. एकाची किटली दुसऱ्याच्या नावावर, मशीनचा प्लग भलत्याच ठिकाणी, आणि सोमनाथ हॉर्न वाजवून वाजवून कंटाळून झोपला. मी एवढी ओरडले की शाळेच्या छपरावरचे पारवे उडाले. दुसऱ्या रविवारी बरं झालं. तिसऱ्या रविवारी पंचेचाळीस घरांचं दूध अठ्ठावीस मिनिटांत मोजून झालं, दोनशे चौदा लिटर, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसबाहेरच्या लोकांना शाबासकी दिली.

"एक तारखंला कमी-जास्त काय झालं तर?" धोंडाबाईंनी विचारलं.

"काय होणार?" मी वही मिटली. "यादीत नाही असं काहीच उरलेलं नाही."

एकतीस मार्चला मी वाडीत मुक्कामाला गेले. निघताना आनंदराव म्हणाले, "एक एप्रिलच निवडलास? कुणी एप्रिल फूल केलं तर?" मी पिशवी उचलली. धोंडाबाईंच्या घरी नाचणीची भाकरी आणि पिठलं जेवले आणि त्यांना बजावून सांगितलं, की मला पाचला उठवा.

मला उठवलं सोमनाथच्या हॉर्ननं. घड्याळात बघते तर पावणेसहा. उजाडायला लागलेलं. चूल थंड, गोठ्यात म्हशी निवांत रवंथ करत उभ्या, आणि घरात चिटपाखरू नाही. बाहेर आले. शेजारचं दार बंद. त्याच्या पलीकडचं बंद. शाळेच्या ओट्यावर काटा, मशीन, बॅटरी, वही सगळं आदल्या संध्याकाळी मांडलं होतं तसंच्या तसं, आणि समोर सोमनाथचा रिकामा टेम्पो. पंचेचाळीस घरांच्या वाडीत एक किटली नाही आणि एक माणूस नाही.

हे सगळे घाबरले, असं मला वाटलं. ऐनवेळी कच खाल्ली आणि सवयीनं दूध घेऊन गपचूप खाली उतरले.

एका ओट्यावर म्हातारे सोनबा घोंगडी पांघरून बसले होते. गुडघ्यामुळं त्यांना हिंडता येत नाही. मी त्यांच्यावरच ओरडले, "कुठं गेले सगळे?"

"देवाला," सोनबा म्हणाले. मी ओरडले याचं त्यांना नवल वाटलं असावं. "खाली, भैरोबाला. दूद दावाया. साडेचारला निगाली समदी पायवाटंनं."

"दूध दाखवायला? सगळं दूध?"

आता सोमनाथ पुढं आला. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. "बाई, आमच्याकडं म्हस व्याली की चीक सरल्यावर पयलं दूद आख्खं भैरोबाला दावत्यात. गुरव अंगारा लावतो. त्याच्याबिगर दूद इकत न्हाईत. आन् आज तर…"

"आज तर वाडीच व्याली की," सोनबा म्हणाले.

मी ओट्यावर बसले. दोन महिने, तेवीस कलमं, तीन रंगीत तालमी. तालमीला कोण कशाला देवाला जाईल? तालीम ती तालीम. आणि खऱ्या दिवशी कुणी मला सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं असं पंचेचाळीस घरांपैकी एकालाही वाटलं नाही. सूर्य उगवणार आहे हे का कुणी यादीत लिहितं? मला एवढा संताप आला होता, आणि त्यातला निम्मा माझाच माझ्यावर होता.

"परत कधी येतील?"

"गुरव सव्वासहाच्या आदी देऊळ उगडत न्हाई," सोमनाथ म्हणाला. "मग पंचेचाळीस किटल्यांला अंगारा. मग वर चढायचं. साडेसात तरी."

साडेसातला वर, आणि पावणेआठला भोर. संपलं होतं सगळं. मी धोंडाबाईंचा विचार केला. खालच्या उंबऱ्यावर, रांगेत सगळ्यांच्या मागं, आणि खिडकीत रखमाजीराव. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदरानं पुसलं, आणि मग मला एक अगदी साधी गोष्ट आठवली. भोरचा रस्ता तळसांगव्यावरूनच जातो.

"सोमनाथ, काटा उचल."

"आं?"

"काटा उचल, मशीन उचल, मी बॅटरी घेते. दूध वर येत नसेल तर आपण खाली जाऊ."

नऊ किलोमीटरचा घाटरस्ता सोमनाथनं कसा उतरवला ते मी आनंदरावांना अजून सांगितलेलं नाही. मांडीवर फॅटचं मशीन धरून मी डोळे मिटून बसले होते.

तळसांगव्यात भैरोबाचं देऊळ आणि दूध सोसायटी समोरासमोर आहेत. मधे मोठा पार आणि त्यावर पिंपळ. आम्ही पोचलो तेव्हा सहा वीस झाले होते आणि चौकात जे दृश्य होतं ते मी विसरणार नाही. अख्खी पांगारखिंड किटल्या घेऊन देवळापुढं रांगेत उभी होती, बाया इरकली नेसलेल्या, गडी डोक्यावर धुवट टोप्या घातलेले. आणि सोसायटीच्या पायरीवर रखमाजीराव उभे होते. पांढरं धोतर, मिशीला पीळ, चेहरा तृप्त. तोवर त्यांची समजूत झाली होती की वाडी पहिल्याच दिवशी परत आली.

"या या, बाई," मला बघून ते म्हणाले. "तुमी बी आलात? म्या म्हनलं होतं पंधरा दिस. हितं तर पंधरा तास न्हाई लागले."

धोंडाबाई रांगेत सगळ्यात पुढं होत्या. त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. गुरवानं किटलीला अंगाऱ्याचं बोट लावलं, त्यांनी देवापुढं डोकं टेकलं, दुधाची एक धार पायरीवर सोडली आणि मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "बाई, तुमी कशापायी आलात? आमी येतच होतो की वर."

"वर येईस्तोवर साडेसात झाले असते! भोर कधी गाठणार होतात?"

त्यांचा चेहरा क्षणात उतरला. घड्याळाचं गणित त्यांच्या डोक्यात तेव्हा शिरलं. दरवर्षी कुणाचीतरी म्हैस व्यायची, एकटं माणूस यायचं आणि दोन मिनिटांत अंगारा लावून परत जायचं. पंचेचाळीस जणांना किती वेळ लागेल हे कुणी मोजलंच नव्हतं. "आगं आई," त्या हळूच म्हणाल्या. "म्याच समद्यांला म्हनले चला म्हनून."

"रडायचं नंतर," मी म्हणाले. "सोमनाथ, पारावर मांड."

आम्ही पिंपळाखाली काटा ठेवला, बॅटरी जोडली, मशीन लावलं. तीन रविवारची तालीम अशी उपयोगी पडली. गेनू आपणहून काट्यावर उभा राहिला. ज्याची किटली देवाकडून आली ती सरळ काट्यावर, तिथून कॅनमध्ये, कॅन टेम्पोत. ओरडायची गरज पडली नाही.

रखमाजीराव पायरी उतरून आले. आता चेहरा तृप्त नव्हता.

"मॅडम, ह्ये काय चाललंय? तुमीच आदेश काढला न्हवं? आजपास्नं हद्द वायली. मग आमच्या हद्दीत तुमचा काटा कसा काय? उचला ह्यो."

गेनू थांबला. सगळे थांबले. माणूस चुकीचं बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं. मी पिशवीतून परिशिष्ट काढलं, खरं तर दोन मिनिटं वेळ काढावा एवढ्याच हेतूनं, आणि मोठ्यानं वाचायला लागले. पाण्याची मोटार. टाकी. स्मशानशेड. शाळा. बालवाडी. रस्ते, पांगारखिंडीकडचे आणि तळसांगव्याकडचे. सोसायटीची इमारत. मी वाचत गेले आणि अठराव्या-एकोणिसाव्या कलमापाशी माझी नजर खालच्या ओळींवर धावली. तेविसावं कलम वाचून मी कागद त्यांच्यासमोर धरला.

"रखमाजीराव, तुमच्या सरपंचांची सही आहे खाली. यात भैरोबाचं देऊळ आणि हा पार कुठं आहे ते मला दाखवा."

त्यांनी कागद घेतला. वरून खाली वाचला, उलटून मागं बघितलं.

"न्हाई दिसत."

"नाहीच आहे. म्हणजे देवाची वाटणी झालेली नाही. दोन्ही गावांचा होता, तसाच आहे. आणि देवाच्या पारावर दोन्ही गावांनी बसावं."

मी देऊळ विसरले होते. डावीकडेही लिहिलं नव्हतं आणि उजवीकडेही. ती सरळसरळ माझी चूक होती आणि त्या चौकात मी ती मोठ्या हुशारीनं केल्यासारखा चेहरा केला. आज पहिल्यांदा कबूल करतेय.

"मानलं बाई तुमाला!" रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि गेनूनं पुढची किटली काट्यावर चढवली.

सहा पन्नासला शेवटची किटली मोजली गेली. मी बेरीज केली. मग पुन्हा केली. एकशे पंच्याण्णव. देवाच्या पायरीवर प्रत्येकानं सोडलेली धार, आणि ओढ्यातल्या अंधारात ठेचकाळून सांडलेलं थोडं. पाच लिटर कमी.

रखमाजीरावांना आकडा ऐकू गेला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. धोंडाबाई पाराच्या कडेला मटकन बसल्या. मला एकाएकी जाणवलं, की त्या बसल्या होत्या तिथून सोसायटीचा उंबरा दहा पावलांवर होता.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक तिशीतली बाई कॅन घेऊन निघाली. ते घर रखमाजीरावांचं. ती त्यांची सून, सुलक्षणा. सोसायटीच्या खिडकीकडे निघालेली ती चौकाच्या मधे थांबली, एकवार इकडे बघितलं, आणि सरळ पाराकडे आली.

"धोंडामावशी, आमचं घेता का?"

"सुले, तू कशाला…" धोंडाबाई उठल्या.

"घेता का न्हाई, सांगा."

मी मधे पडले. नियम म्हणजे नियम. "अहो, सोसायटीत सभासदाचंच दूध घेता येतं. तुम्ही तळसांगव्याच्या."

"म्या पांगारखिंडीची लेक हाय, बाई. ह्यो माज्या म्हायेरचा टेम्पो हाय. म्हायेरात जायला कुनी सभासद असावं लागतं व्हय?"

रखमाजीराव गरजले, "सुलक्षणा! दूद माज्या गोठ्यातलं हाय ते!"

सुलक्षणानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, सासऱ्यांकडे बघितलं नाही, पण आवाज सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा होता. "गोठा तुमचा हाय, मामंजी. म्हस माज्या बापानं आंदन दिल्याली हाय. पांगारखिंडीची म्हस हाय ती."

मग तळसांगव्याच्याच रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग दोन्हीकडची माणसं जी हसत सुटली ती थांबेचनात. आंदणातली म्हैस लेकीची, त्यावर सासऱ्याचा शब्द चालत नाही, हे त्या खोऱ्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. रखमाजीरावांना तर सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण असल्या भांडणात निवाडा द्यायला त्यांनाच बोलावतात. ते पायरीवर चढले आणि पाठ करून उभे राहिले. पण "न्हाई" म्हणाले नाहीत.

मी वही उघडली, शेहेचाळिसावा क्रमांक घातला आणि पुढं सुलक्षणाचं नाव लिहिलं. बत्तीस वर्षांत मी एकही नोंद अर्जाशिवाय केली नव्हती. ही केली. कॅन काट्यावर गेला. साडेसहा लिटर.

"दोनशे एक आन् वर!" गेनूनं जी आरोळी ठोकली ती वर पांगारखिंडीत सोनबांना ऐकू गेली असेल.

"बसा धोंडाबाई," मी टेम्पोचं पुढचं दार उघडलं. "तुम्ही पण."

"म्या? म्या कशाला?"

"तीस वर्षं दूध डोक्यावरून नेलंत. आज दुधानं तुम्हाला न्यावं."

सोमनाथनं टेम्पो सोडला तेव्हा सहा अठ्ठावन्न झाले होते. त्याच्या आणि दाराच्या मधे आम्ही दोघी दाटीवाटीनं बसलो होतो, माझ्या मांडीवर वही, त्यांच्या मांडीवर रिकामी किटली. मागं कॅन खणखणत होते. प्रत्येक वळणाला धोंडाबाई "हळू रं" म्हणायच्या आणि मी "जोरात" म्हणायची. धरणाच्या कडेनं रस्ता सरळ झाला तशी सोमनाथनं फक्त माझं ऐकलं. शहाण्या माणसासारखा.

केंद्राच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात एकेचाळीस. व्यवस्थापक बाहेरच उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, टेम्पो बघितला, आणि मशीनवर दूध तपासायला सांगितलं. फॅट पहिल्या नंबरची आली. डोंगरातला चारा खाणाऱ्या म्हशी, दुसरं काय येणार?

फाटकाजवळ एक काळा फळा होता. त्यावर रोज दूध घालणाऱ्या गावांची नावं खडूनं लिहिलेली असायची. तिथला माणूस खडू घेऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "तळसांगव्याचं ना हे?"

धोंडाबाई किटलीसकट खाली उतरल्या.

"न्हाई. पांगारखिंड."

त्यानं फळ्यावरून नजर फिरवली. "हे नाव फळ्यावर नाही."

"मग ल्हिवा की," धोंडाबाई म्हणाल्या.

त्यानं लिहिलं. सगळ्यांच्या खाली, जरा कोपऱ्यात. धोंडाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, "कुठलं आमचं?" मी बोट ठेवून दाखवलं. त्या फळ्याजवळ गेल्या, बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मग पदर कमरेला खोचून त्या माणसाकडे वळल्या.

"दादा, जरा मोट्टं काढा. आमी उद्या बी येनार हाय."